भास्करराम कोल्हटकर

भास्करराम कोल्हटकर (मृत्यू: ३१ मार्च, १७४४, मनकरा, बंगाल) हा नागपूरकर भोसल्यांचा दिवाण आणि सेनानी होता. बंगालमध्ये तो भास्कर पंडित या नावाने ओळखला जातो. सेनासाहेबसुभा पहिला रघूजी भोसले याच्या वतीने १७४२ ते १७४४ या काळात त्याने बंगाल सुभ्यावर स्वाऱ्या केल्या. बंगालच्या लोकस्मृतीत राहिलेल्या 'बर्गी' आक्रमणांचा आरंभ याच स्वाऱ्यांनी झाला. सप्टेंबर १७४२ मध्ये भागीरथीकाठच्या छावणीत त्याने मांडलेली दुर्गापूजा आणि ती चालू असतानाच त्याच्यावर पडलेला छापा हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग आहे. सेनापतीची जाहीर उपासना आणि त्याच्या हाताखालील फौजेचे वर्तन यांतील विसंगतीचे उदाहरण म्हणून अठराव्या शतकातील बंगाली कवींपासून आजच्या इतिहासकारांपर्यंत अनेकांनी या प्रसंगाची चर्चा केली आहे.

घराणे आणि भोसल्यांशी संबंध

भास्कररामाच्या जन्माविषयी आणि बालपणाविषयी विश्वसनीय माहिती फारच थोडी आहे. भोसले घराण्याच्या परंपरेनुसार वाई परिसरातील पांडववाडी येथे रामाजीपंत कोल्हटकर नावाचा रामभक्त ब्राह्मण राहत असे. बिंबाजी भोसले याला त्याच्या आशीर्वादाने पुत्र झाला आणि रामाच्या नावावरून त्या मुलाचे नाव रघूजी ठेवले गेले, असे बखरकार सांगतात. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कोल्हटकर आणि भोसले यांचे नाते चाकर-धन्याच्या नात्याहून जुने व जवळचे होते, एवढे त्यातून दिसते. याच घराण्यातील कोन्हेरराम हाही रघूजीच्या दरबारात मोठ्या अधिकारावर होता. भास्कररामाकडे दिवाणगिरी आणि लष्कराचे नेतृत्व अशी दोन्ही कामे आली. त्या काळच्या मराठी राज्यव्यवस्थेत ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे असणे नवलाचे नव्हते.

रघूजीचे राज्य

भास्कररामाची बंगालमधील वागणूक समजण्यासाठी तो ज्या राज्याचा सेवक होता त्याचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. रघूजीचे बस्तान वऱ्हाड आणि देवगडच्या गोंड राज्यात बसले. आजचा वर्धा जिल्हा याच मुलखात येत असे. तो १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. देवगडच्या गोंड राजघराण्याने औरंगजेबाच्या काळात, बख्त बुलंदच्या वेळी, इस्लाम स्वीकारला होता. नागपूर शहराची स्थापनाही त्यानेच केली. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उभा राहिला तेव्हा त्याच्या राणीने रघूजीला मदतीसाठी बोलावले आणि १७४३ च्या सुमारास राज्याची खरी सत्ता रघूजीच्या हाती गेली. मात्र त्याने गोंड राजा बुऱ्हाण शाह याला पदच्युत केले नाही. त्याला नागपुरातच मानाने ठेवून नेमणूक बांधून दिली आणि त्याच्या नावाने राज्य चालवले. भोसल्यांच्या वारसाला गोंड राजाच्या हातून टिळा लावण्याची प्रथाही पुढे चालू राहिली.

वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जहांगीरच्या काळातील मुघल सरदार मुहंमदखान नियाझी (मृत्यू १६२७) आणि त्याचा वारस अहमदखान (मृत्यू १६५१) यांच्या कबरींवरील मुघल शैलीच्या इमारती आजही उभ्या आहेत. रघूजी स्वतः रामभक्त होता. ज्या मुलखावर तो राज्य करत होता तेथील राजा मुसलमान गोंड होता, जुने जहागीरदार अफगाण होते आणि रयत बहुतांशी हिंदू व गोंड होती. अशा ठिकाणी राज्यकर्त्याची खाजगी श्रद्धा आणि राज्यकारभार यांची सरमिसळ फार ताणणे परवडणारे नव्हते. घरच्या मुलखात पाळलेला हा विवेक परमुलखातील स्वारीत कितपत टिकला, हा भास्कररामाच्या चरित्रातील मुख्य प्रश्न आहे.

बंगालवरील पहिली स्वारी

अलीवर्दीखानाने एप्रिल १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत नवाब सरफराजखानाला ठार करून बंगालची गादी बळकावली. ओरिसाचा नायब सुभेदार रुस्तुमजंग याने त्याला मान्यता दिली नाही. १७४१ मध्ये त्याचा पराभव झाला व तो दक्षिणेकडे पळाला. त्याचा कारभारी मीर हबीब हा इराणातील शिराझहून आलेला, अत्यंत कर्तबगार गृहस्थ होता. छत्रपती शाहूने रघूजीला पूर्वेकडील सुभ्यांच्या चौथाईचे हक्क दिले होते आणि ते वसूल करण्यासाठी रुस्तुमजंगाच्या पक्षाने मराठ्यांकडे मागितलेली मदत हे आयते निमित्त ठरले.

भास्करराम छोटा नागपूरच्या जंगलातून पंचकोटमार्गे उतरला आणि एप्रिल १७४२ मध्ये बर्दवानजवळ त्याने अलीवर्दीला गाठले. फार्सी इतिहासकार त्याच्या फौजेचा आकडा ४०,००० पर्यंत नेतात. यदुनाथ सरकारांच्या मते ती त्याच्या सुमारे निम्मी असावी. मराठ्यांनी नवाबाची रसद तोडली, त्याच्या छावणीला वेढले आणि चौथाईपोटी १० लाख रुपये मागितले. नवाबाने नकार दिला. तो लढत लढत काटव्याकडे सरकला. या माघारीत त्याच्या फौजेची उपासमार झाली.

याच सुमारास मीर हबीब भास्कररामाला येऊन मिळाला. पावसाळा जवळ आल्याने भास्करराम परत फिरण्याच्या विचारात होता. बंगालची माहिती असलेल्या मीर हबीबने त्याला थांबवले. मे १७४२ मध्ये त्याने निवडक स्वारांसह थेट मुर्शिदाबादवर धाड घातली, उपनगरे जाळली आणि जगत्‌सेठाची पेढी लुटली. तेथून मिळालेल्या रकमेचे आकडे निरनिराळ्या ग्रंथांत इतके वेगळे आहेत की त्यांतला कोणताही बिनदिक्कत घेता येत नाही. या यशानंतर भास्कररामाने काटव्याला ठाणे केले. जुलैत हुगळी हाती आली आणि तेथे शेषराव याची नेमणूक झाली. वसुलीचे दिवाणपण मीर हबीबकडे आले. भागीरथीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख काही महिने मराठ्यांच्या अमलाखाली गेला.

भास्कररामाचा सर्वांत विश्वासू सल्लागार इराणी मुसलमान होता, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. त्याच्या सरदारांत अली करावल नावाचा एक मुसलमान सरदार असल्याची नोंदही फार्सी ग्रंथांत आहे. दुसऱ्या बाजूला अलीवर्दीच्या दरबारात राजा जानकीरामासारखे हिंदू अधिकारी मोठ्या पदांवर होते. दोन्ही फौजांत माणसे धर्म पाहून घेतली जात नव्हती. या युद्धाला हिंदू-मुसलमान युद्ध म्हणणे म्हणूनच वस्तुस्थितीला सोडून होईल.

बर्गी

बंगालमध्ये या स्वारांना 'बर्गी' म्हणतात. हा शब्द 'बारगीर' या मराठी-फार्सी शब्दावरून आला आहे. मराठी फौजेत स्वतःचा घोडा व हत्यारे आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर नोकरी करणारा तो बारगीर. बारगिराला सरकारातून पगार मिळत असल्याने तो तुलनेने शिस्तीत असे. लुटीवर अधिक अवलंबून असत ते शिलेदार आणि फौजेच्या मागे येणारे पेंढारी. बंगालच्या खेड्यातील माणसाला हा भेद कळण्याचे कारण नव्हते आणि त्यामुळे सर्वांच्या कृत्यांचा ठपका बारगिराच्या नावावर आला. बर्दवान, बीरभूम, मेदिनीपूर या भागांतील लोक गावे सोडून नदीच्या पूर्वेकडे पळाले, विणकरांचे माग बंद पडले आणि धान्य महागले. लहान मुलाला झोपवताना बर्गीच्या येण्याची आणि सरकारला सारा कोठून द्यावा या चिंतेची आठवण काढणारे अंगाईगीत आजही बंगालमध्ये गायिले जाते.

मराठीत या स्वाऱ्यांचे वर्णन दीर्घकाळ राज्यविस्ताराच्या भाषेत होत आले. गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या इतिहासकारांनी चौथाईच्या हक्काची आणि अलीवर्दीच्या विश्वासघाताची बाजू ठळकपणे मांडली. ती बाजू खोटी नाही, मात्र गावे जळालेल्यांची बाजू तिच्यात फारशी येत नाही.

दाईंहाटची दुर्गापूजा

महाराष्ट्रात नवरात्र हा घटस्थापनेचा, कुलदेवीच्या उपासनेचा आणि दसऱ्याला शस्त्रपूजन करून सीमोल्लंघन करण्याचा सण आहे. पावसाळाभर घरी थांबलेली मराठी फौज दसऱ्यानंतर मोहिमेवर निघत असे. त्यामुळे छावणीत नवरात्र पाळले जाणे यात विशेष काही नव्हते. भास्कररामाने मात्र १७४२ च्या आश्विनात बंगाली पद्धत स्वीकारली. काटव्याजवळ दाईंहाट येथे भागीरथीच्या काठी त्याने मूर्ती घडवून घेतली आणि मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. खर्चासाठी आसपासच्या जमीनदारांकडून वर्गणी आणि सामग्री घेण्यात आली. ती सक्तीची होती, यावर बंगाली काव्य आणि आधुनिक इतिहासकार यांचे एकमत आहे.

या पूजेमागील हेतू कोठे लिहिलेला सापडत नाही. बंगालमध्ये दुर्गेची महापूजा मांडणे हा राजाचा व मोठ्या जमीनदाराचा मान होता. काटव्याहून सारावसुली करणाऱ्या, हुगळीवर आपला अधिकारी नेमणाऱ्या सेनापतीने अशी पूजा करणे म्हणजे आपण येथे केवळ खंडणीसाठी आलेलो नसून राज्यकर्ते म्हणून बसलो आहोत, असे जाहीर करणे होते. स्थानिक हिंदू जमीनदारांना आपल्याकडे वळवण्याचाही त्यात भाग असू शकेल. तसे असल्यास मार्ग चुकीचा निवडला गेला. ज्यांच्या गावांतून महिनोन्‌महिने वसुली चालली होती त्यांच्याकडूनच देवीच्या नावाने आणखी एक वसुली झाली.

लष्करी चूकही याच ठिकाणी झाली. भागीरथी आणि अजय या दोन नद्या पुराने भरलेल्या असल्याने नवाब ओसरेपर्यंत थांबेल, असा भास्कररामाचा अंदाज होता. अलीवर्दी थांबला नाही. त्याने काटव्याच्या वरच्या अंगाला नावांचा पूल बांधून रात्री भागीरथी ओलांडली आणि मग अजय नदीवर दुसरा पूल टाकला. हा दुसरा पूल मध्येच तुटला व फार्सी ग्रंथांनुसार सुमारे १,५०० माणसे बुडाली. तरीही पुढे गेलेल्या थोड्या तुकडीने २७ सप्टेंबर १७४२ रोजी, नवमीच्या पहाटे, मराठी छावणीवर हल्ला केला. उत्सवात गुंतलेल्या छावणीला शत्रू किती आहे हे पाहण्याचेही भान राहिले नाही. तंबू, सामान आणि अर्धवट राहिलेली पूजा मागे टाकून भास्करराम पंचकोटच्या जंगलाकडे निघाला. तेथून मेदिनीपूरमार्गे त्याने ओरिसा गाठला. नवाबाचा तेथील नायब शेख मासूम जाजपूरजवळ मारला गेला आणि कटक काही दिवस मराठ्यांच्या हाती आले. अलीवर्दीने पाठलाग सोडला नाही. डिसेंबर अखेरीस मराठे चिल्का सरोवरापलीकडे गेले.

समकालीन बंगाली कवींच्या नजरेतून

भास्कररामाच्या धार्मिकतेचे मूल्यमापन सर्वांत आधी बंगालच्या हिंदू कवींनी केले आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

बर्दवानच्या राजाच्या आश्रयाला असलेल्या बाणेश्वर विद्यालंकार याने १७४४ च्या सुमारास 'चित्रचंपू' हे संस्कृत काव्य रचले. त्यात मराठी स्वार गर्भवती स्त्रिया, बालके, ब्राह्मण आणि दुबळे यांना न सोडणारे, वेगवान घोड्यांवरचे लुटारू म्हणून येतात. ते आपल्याच धर्माचे आहेत याचा कवीच्या लेखी काहीही उपयोग नाही.

याउलट भारतचंद्र राय याच्या 'अन्नदामंगल' (१७५२) या काव्यात मराठ्यांचे आगमन हा ईश्वरी न्याय ठरतो. अलीवर्दीच्या सैन्याने भुवनेश्वर येथे उपद्रव केला, नंदी संतापला आणि शिवाच्या इच्छेने दक्षिणेतून मराठे आले, अशी मांडणी तेथे आहे. मात्र त्यांनी बंगालची लूट केल्याचे हा कवीही लपवत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये गंगाराम या कवीचे 'महाराष्ट्रपुराण' उभे आहे. १७५१ च्या सुमारास लिहिलेल्या या बंगाली काव्याचे उपलब्ध कांड 'भास्करपराभव' या नावाचे आहे. लोकांच्या पापांनी पृथ्वी भारावते, शिव नंदीला शाहूकडे पाठवतो आणि भास्कर बंगालमध्ये येतो, असा आरंभ आहे. येथवर भास्कर देवाचे कार्य करण्यासाठी आलेला आहे. पुढे त्याचे स्वार ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रियांवर अत्याचार करतात. तेव्हा देवी त्याच्यावर रुष्ट होते आणि आपल्या अनुचरींना नवाबाची बाजू घेण्यास सांगते. भास्करने तिची पूजा मांडलेली आहे, नवाब मुसलमान आहे, तरीही देवी नवाबाच्या बाजूला जाते. सेनापतीची भक्ती कितीही थाटाची असली तरी त्याच्या फौजेने रयतेला दिलेल्या त्रासाचा हिशेब तिने मिटत नाही, असा या कथेचा रोख आहे. त्या काळात सेनापतीने धर्माबाबत तटस्थ असावे अशी अपेक्षा कोणीच करत नव्हते. अपेक्षा होती ती रक्षणाची आणि गंगाराम भास्कररामाला त्याच कसोटीवर नापास करतो. या काव्याचे एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरी स्वारी आणि पेशव्यांचा हस्तक्षेप

१७४३ च्या आरंभी रघूजी स्वतः भास्कररामासह बंगालमध्ये आला. त्याच वेळी पेशवा बाळाजी बाजीराव बिहारमार्गे उतरला. मुघल बादशहाच्या सांगण्यावरून तो नवाबाच्या मदतीला आला होता. ३० मार्च १७४३ रोजी प्लासीजवळ त्याची आणि अलीवर्दीची भेट झाली. नवाबाने शाहूसाठी चौथाई आणि पेशव्याच्या फौजेच्या खर्चासाठी २२ लाख रुपये कबूल केले. रघूजीला माघार घ्यावी लागली. बंगालच्या मैदानात एका मराठी फौजेने दुसऱ्या मराठी फौजेला मुसलमान नवाबाच्या बाजूने हुसकले, या एका घटनेने स्वारीच्या धर्मयुद्धपणाचे सर्व दावे निकालात निघतात. त्याच वर्षी शाहूने दोघांत समेट घडवला आणि बंगाल व ओरिसा रघूजीच्या वाट्याला दिले.

मनकरा येथील वध

मार्च १७४४ मध्ये भास्करराम पुन्हा बंगालमध्ये उतरला. वर्षभरापूर्वी पेशव्याला मोठी रक्कम दिल्यावर आता दुसऱ्या मराठी सरदाराला चौथाई देण्याची नवाबाची ताकद नव्हती आणि त्याची फौजही थकलेली होती. त्याने कपटाचा मार्ग धरला. सेनापती मुस्तफाखानाला बिहारच्या सुभेदारीचे आमिष दाखवून त्याने कामाला लावले. मुस्तफाखान आणि राजा जानकीराम भास्कररामाच्या छावणीत गेले व चौथाईचा प्रश्न भेटीत सोडवण्याचे त्यांनी आश्वासन दिले. मुस्तफाखानाने कुराणाची आणि जानकीरामाने गंगाजल व तुळशीची शपथ घेतल्याचे वृत्तांत सांगतात. दोन वर्षांपूर्वी जी श्रद्धा भास्कररामाने सत्तेच्या प्रदर्शनासाठी वापरली होती, तीच आता त्याच्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरली गेली. जानकीरामाला कटाची कितपत कल्पना होती याबद्दल मतभेद आहेत.

३१ मार्च १७४४ रोजी भागीरथीकाठी मनकरा येथे उभारलेल्या मोठ्या तंबूत भास्करराम वीसहून अधिक सरदारांसह गेला. नवाबाने त्यांच्यातील भास्कर कोण, हे विचारून खात्री करून घेतली आणि इशारा दिला. कनातीमागे लपलेल्या सैनिकांनी सर्वांची कत्तल केली. रघूजी गायकवाड हा सरदार भेटीला न जाता छावणीत राहिला होता. बातमी कळताच तो फौज घेऊन निघून गेला, त्यामुळे मराठी सैन्याचा मोठा भाग वाचला.

परिणाम

नवाबाला या वधाने वर्षभराचीच उसंत मिळाली. बिहारची सुभेदारी न मिळाल्याने मुस्तफाखानाने बंड केले व १७४५ मध्ये तो लढाईत मारला गेला. भास्कररामाच्या वधाचा जाब विचारण्यासाठी रघूजी त्याच वर्षी परत आला आणि युद्ध पुढे सहा वर्षे चालले. १७५१ च्या तहाने बंगालने दरसाल १२ लाख रुपये चौथाई देण्याचे मान्य केले आणि ओरिसाचा कारभार मीर हबीबकडे आला. तो नावाला नवाबाचा नायब होता; वसूल मात्र भोसल्यांच्या फौजेच्या खर्चासाठी जाई. पुढच्याच वर्षी भोसल्यांच्या माणसांनी त्याला ठार केले. त्यानंतर १८०३ पर्यंत ओरिसा नागपूरकरांकडे राहिला. पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्थाही त्यांच्या हाती आली. मंदिराला त्यांनी उत्पन्ने लावून दिली, पण यात्रेकरूंकडून करही घेतला.

१७४२ च्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने शहराभोवती खंदक खोदायला सुरुवात केली. नियोजित सात मैलांपैकी सुमारे तीन मैल काम झाले. मराठे कलकत्त्यावर कधीच चालून गेले नाहीत. हा 'मराठा खंदक' पुढे बुजवण्यात आला आणि त्याच्या बऱ्याच भागावरून आज सर्क्युलर रस्ता जातो.